दुसऱ्या कडव्याआधीचा दीड सेकंद

हमीदभाऊ, भांडण अर्धवट टाकून जायची तुमची रीत नव्हती. सिंदेवाहीच्या स्टँडवर कंडक्टरशी सुरू झालेला वाद तुम्ही मूल गावापर्यंत ओढत न्यायचात, आणि उतरताना त्याच्याशी हात मिळवून उतरायचात. मग माझ्याशी चाललेलं एवढं रंगलेलं भांडण मध्येच टाकून निघून जायचं, हे काही बरोबर केलं नाहीत. तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. काल मी भागीरथाबाईंकडे जाऊन आलो, आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. आज ड्यूटीवर एका मीटरचं रीडिंग दुसऱ्याच्या रकान्यात लिहिलं. सांगायचं तुम्हाला आहे आणि ऐकायला तुम्ही नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

वाद काय होता हे आधी नीट लिहून ठेवतो, कारण तुम्ही तो दर वेळी आपल्या सोयीने मांडायचात. भागीरथाबाईंच्या हळदीच्या गाण्याची ती छोटी रेकॉर्ड. पहिलं कडवं संपतं, पेटी थांबते, आणि दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधी दीड सेकंद काहीच वाजत नाही. त्या दीड सेकंदात एक बारीकसा आवाज येतो, सुर्रर्र असा. तुमचं म्हणणं, ती घासलेल्या रेकॉर्डची खरखर आहे, काढून टाक. माझं म्हणणं, तो गाणाऱ्या बाईचा श्वास आहे, राहू दे. बस, एवढंच. एवढ्यावरून आपण तीन रविवार एकमेकांचं डोकं खाल्लं, आणि माझी बायको सुनंदा म्हणाली की तुम्हा दोघांना दुसरा उद्योग नाही.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या ऊर्जानगरच्या क्वार्टरवर आलात ते बंद पडलेला अँप्लिफायर खांद्यावर घेऊन. कोणीतरी सांगितलं होतं की पॉवर स्टेशनच्या इन्स्ट्रुमेंट सेक्शनचा एक माणूस ड्यूटी संपल्यावर असली कामं करतो. मी साधा टेक्निशियन, पण तुम्ही दारातूनच हाक मारलीत, "ओ इंजिनेर, हे पेशंट मरून राह्यलं, बगता का?" तेव्हापासून मी तुमचा इंजिनेर झालो आणि महिनाभरात अहोचा अरे झालो. तो अँप्लिफायर उघडला तर आत झुरळांची वसाहत. मी नाक मुरडलं तर तुम्ही म्हणालात, "त्यायले गाणं आवडते." मला तुम्ही तिथेच आवडलात.

लग्नात भोंगा बांधायचा तुमचा धंदा तेव्हा संपत आला होता. कॅसेट आल्या, मग सीडी आल्या, मग मोठाले काळे बॉक्स घेऊन चंद्रपूरची पोरं गावोगाव यायला लागली. पण त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं सिंदेवाहीच्या आजूबाजूच्या गावांत लग्न म्हणजे हमीदभाऊंचा भोंगा, आणि भोंगा म्हणजे पहिलं गाणं भागीरथाबाईंचं. सिनेमाचं गाणं नंतर. मांडवाचे खांब ठोकणं चाललेलं असतानाच तुम्ही ती रेकॉर्ड लावायचात. नवरीची आई तळ्याकडे हळदीसाठी पाणी मागते, असं ते गाणं. ते कानावर आलं की दोन कोसांवरच्या माणसांना कळायचं, मांडव पडला. एकदा एका पाटलाने हट्टाने आधी सिनेमाचं गाणं लावायला सांगितलं, तर तुम्ही भोंगा उतरवून बैलबंडीत ठेवला होता. ही गोष्ट तुम्ही मला निदान वीस वेळा सांगितलीत आणि प्रत्येक वेळी पाटील थोडा आणखी उद्धट व्हायचा.

आता खांब ठोकले जात असताना रेकॉर्ड लावली की काय होणार? जमीन हादरणार, सुई उडणार. म्हणून तुम्ही सुईच्या डोक्यावर सायकलचा एक नट चिकटवलात. सुई दबून बसली, उडेनाशी झाली. तुम्हाला वाटलं काय शोध लावला! आणि तो नट ठेवून तुम्ही तीच रेकॉर्ड, सगळ्यांत लाडकी रेकॉर्ड, शेकडो लग्नांत वाजवलीत. बाकीच्या रेकॉर्डी निदान दमादमाने झिजल्या. हिला तुम्ही प्रेमाने खाल्लंत. वर चमकावी म्हणून खोबरेल तेलाचा हात द्यायचात, ते वेगळंच. हे ऐकून मी कपाळावर हात मारला होता, आठवतं? तुम्ही म्हणालात, "अबे, डोक्याले लावतो तं केस चांगले राह्यते. मले काय माहीत प्लॅस्टिकले चालत नाई?"

भागीरथाबाई ढिवर मोहल्ल्यातल्या. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातल्या. तरुणपणी नागपूरला जाऊन त्यांनी हे एकच गाणं रेकॉर्ड केलं. त्यांच्या घरी कधी रेकॉर्ड वाजवायचं मशीन नव्हतं. त्यांचं स्वतःचं गाणं त्यांनी ऐकलं ते तळ्यात डोंग्यावर असताना, लांबच्या कुठल्यातरी गावातून, पाण्यावरून येणारं, तुमच्या भोंग्यातून. आणि एकदा आठवडी बाजारात त्यांनी तुम्हाला अडवून विचारलं, "हमीदभाऊ, माहा आवाज म्हातारा होऊन राह्यला का तुमचा भोंगा?"

त्या हसून बोलल्या होत्या म्हणे. पण तुम्ही ते मनाला लावून घेतलंत. तुम्ही तोवर मला नटाबद्दल काही बोलला नव्हतात. ज्या दिवशी माझ्याकडे कॉम्प्युटर आला आणि मी सहज म्हणालो की आता रेकॉर्डी यात उतरवता येतील, त्या दिवशी तुम्ही सगळं सांगितलंत. "तिचा आवाज म्या खाल्ला, इंजिनेर. मले तो तिले वापस द्याचा हाय. एकदा. जसा होता तसा." तुम्ही असं बोलताना मी तुम्हाला पहिल्यांदाच पाहत होतो. मी उगाच म्हणालो, "देऊ की, त्यात काय!" मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

पण काय मजेत गेले हो ते रविवार! सिंदेवाहीला अर्धा दिवस वीज नसायची, म्हणून तुम्ही पहिल्या एसटीने ऊर्जानगरला यायचात, मांडीवर ट्रंक घेऊन. रेकॉर्डी धुवायला मी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणले. मधला कागद भिजू नये म्हणून सुनंदाच्या डब्यांची दोन स्टीलची झाकणं, त्यांच्या कडेला सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी, मध्ये बोल्ट. रेकॉर्ड त्यात आवळायची आणि मऊ ब्रशने, लहान मुलाच्या शाम्पूने धुवायची. पहिलं पाणी काळं निघालं तेव्हा तुम्ही ते बादलीत साठवून सुनंदाला दाखवायला नेलंत. "बाई, हे बगा, अख्ख्या तालुक्याची धूळ!" ती झाकणं आजही डब्यांवर परत गेलेली नाहीत आणि त्याबद्दल मी आजही बोलणी खातो.

कॉलनी सोडून जाणाऱ्या एका साहेबांकडून मी पट्ट्यावर चालणारा टर्नटेबल घेतला. त्यावर सुईचा भार दोन ग्रॅमच्या आसपास हवा, असं त्याच्या पुस्तिकेत होतं. दोन ग्रॅम मोजायचे कसे? तुम्हीच म्हणालात, सोनाराकडे चल. सोनाराने काट्यावर तांब्याच्या तारेचा तुकडा बरोबर दोन ग्रॅमचा कापून दिला, आणि आपण प्लॅस्टिकच्या फूटपट्टीचा तराजू करून एका बाजूला ती तार, दुसऱ्या बाजूला सुई, असा भार लावला. तुम्ही बराच वेळ त्या तारेकडे बघत होतात. मग खिशातून तुमचा तो जुना नट काढून मला दाखवलात. तो अजून तुम्ही जपून ठेवला होता. मी तो तळहातावर घेतला, तर त्याचं वजन नुसत्या हाताला कळत होतं.

आवाजाच्या पातळीवरून तर दर रविवारी जुंपायची. स्क्रीनवरचा पट्टा लाल होऊ द्यायचा नाही, हे तुमच्या गळी उतरवायला मला दोन महिने लागले. "अबे जाऊ दे लालीत! एवढ्या हळू आवाजानं गावाले काय आयकू येनार?" मी सांगायचो, भाऊ, आत्ता गावाला ऐकवायचं नाही, आत्ता नुसतं भरून घ्यायचं आहे. लाल झालं की तेवढा आवाज फाटतो तो फाटतोच, मागून शिवता येत नाही. तुम्ही मान हलवायचात आणि माझी पाठ फिरली की बटण थोडं पुढे सरकवायचात.

आणि फ्रिक्वेन्सी! ही तर आपली खास युक्ती. जगात कुठे कोणी केली असेल असं मला वाटत नाही. आपल्या टर्नटेबलची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालायची. पन्नास असली तर वेग बरोबर, खाली उतरली की भागीरथाबाईंचा सूरही उतरायचा. तेव्हा ग्रिडची फ्रिक्वेन्सी कधी एका जागी ठरायची नाही. मग मी कंट्रोल रूममधल्या मित्राला फोन लावून बसायचो, आणि तुम्ही सुई रेकॉर्डच्या वर धरून, श्वास रोखून. "किती?" "एकोणपन्नास सहा." थांबा. "एकोणपन्नास नऊ." थांबा. "पन्नास शून्य एक!" मी ओरडायचो, "लावा!" आणि तुमचा हात, एरवी चहाचा कप हिंदकळवणारा तो हात, अगदी अलगद खाली यायचा. एवढं मोठं पॉवर स्टेशन आपल्या एका गाण्यासाठी चालवतोय, असं मला वाटायचं. खरं सांगतो, बावीस वर्षांच्या नोकरीत इतकी ऐट मला कधी वाटली नाही.

तरी रेकॉर्डीतून निघत होती ती खरखरच. आवाज लांबून, भुकटीतून आल्यासारखा. तुम्ही हिरमुसायचात. मग मी इकडेतिकडे विचारून, वाचून शोधून काढलं की सुया वेगवेगळ्या आकारांच्या असतात. तुमच्या जाड, गोल टोकाच्या सुईने खाचेच्या भिंतींचा एक विशिष्ट भाग खाल्ला होता. जास्त बारीक, चपट्या टोकाची सुई त्याच भिंतींना वेगळ्या जागी टेकते. तुम्हाला समजावलं, बंडीच्या चाकांनी चाकोरीच्या कडा पार मोडल्यात, पण त्याच चाकोरीच्या तळातून सायकल गेली तर तिथली माती अजून शाबूत असेल. तुम्ही डोळे बारीक केलेत. "म्हंजे तिचा आवाज खाली अजून हाय?"

असेल, म्हणालो. माहीत नाही, पण असेल.

मुंबईहून सुई यायला दीड महिना लागला. त्या रविवारी दुपारी आपण ती लावली. मी हेडफोन तुमच्या कानांवर चढवला, फ्रिक्वेन्सी जुळली, सुई टेकली. मला काही ऐकू येत नव्हतं, मी नुसता तुमचा चेहरा बघत होतो. तुम्ही आधी कपाळाला आठ्या घातल्यात. मग तोंड उघडलंत. मग हेडफोनमुळे आपण किती मोठ्याने बोलतोय याचं भान न राहून घर हादरेल असं ओरडलात, "इथी हाय! अबे, इथी बसून हाय ते!" सुनंदा हातात लाटणं घेऊन धावत आली. तुम्ही हेडफोन काढून तिच्या कानाला लावलात, मग माझ्या. भाऊ, तो आवाज! पंचविशीतली बाई, धारदार, जराशी नाकातली, शब्दाच्या शेवटी तळ्याकाठच्या बायका लावतात तो हेलकावा. जिवंत. मी तुम्हाला मिठी मारली आणि आपण दोघं त्या खोलीत वेड्यासारखे नाचलो. टर्नटेबलपासून लांब जाऊन नाचलो, एवढं भान ठेवलं होतं.

आणि मग दुसऱ्या कडव्याच्या आधी तो सुर्रर्र.

सगळीकडची खरखर गेली आणि हा एवढा आवाज तेवढा राहिला. तुमचा चेहरा उतरला. तुम्ही म्हणालात, नेमकी हीच जागा. दर लग्नात सुई इथूनच उडायची आणि इथेच आपटायची, याच जागेसाठी तुम्ही नट लावला होता. म्हणजे इथली खाच तळापर्यंत गेली. मी पन्नासदा ऐकून सांगितलं की हा आवाज हळू सुरू होतो, वाढतो आणि एकदम तुटतो, खरखर अशी नसते, हा श्वास आहे. तुम्ही ऐकेनात. तिसऱ्या रविवारी मी चिडून म्हणालो, थोडी खरखर राहिली तरी काय बिघडलं, लोकांना जुन्या रेकॉर्डीची खरखर गोड वाटते. तेव्हा तुम्ही जे बोललात ते माझ्या डोक्यातून जात नाही. "लोकायले गोड वाटत असंल. ते माही गलती हाय, बाबू. माही गलती तिले काऊन आयकवाची?"

तुम्ही चहा न घेता निघालात. अख्ख्या ओळखीत पहिल्यांदा. मी फाटकापर्यंतही आलो नाही, इतका घुश्श्यात होतो. याची मला लाज वाटते, हे इथे लिहून टाकतो.

गुरुवारी माझा राग निवळला. तो दीड सेकंद मी पुसून टाकला, तिथे कोरी शांतता ठेवली, सीडी केली आणि तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. "काढलं, भाऊ," म्हणालो.  तुम्ही म्हणालात, "शाब्बास रे मह्या इंजिनेर. आयतवारी येतो. दोघं मिळून तिच्या घरी जाऊ. तू सुनंदाबाईलेबी घेजो." तुमचा आवाज हलका झाला होता. मूळ फाइल मी जशीच्या तशी ठेवली आहे, हे मात्र मी तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, रविवारी सांगू, आणि मग पुन्हा भांडू. शनिवारी सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला.

मातीला आलो होतो. मला काय करायचं ते कळत नव्हतं, तुमच्या मुलाने माझा हात धरून मला नमाजाच्या रांगेत उभं केलं. मूठभर माती मीही टाकली.

काल एकटाच गेलो भागीरथाबाईंकडे. दोन सीडी घेऊन, तुमची आणि माझी, आणि बॅटरीवर चालणारा प्लेयर. तुम्ही गेल्याचं त्यांना माहीत होतं. अंगणात जाळं पसरलेलं, त्यांची लेक भाकरी थापत होती. बाई आता वाकल्यात, पण नजर तीच असणार, समोरच्याला जागच्या जागी उभं करणारी. मी म्हटलं, हमीदभाऊंनी तुमच्यासाठी काम दिलं होतं, ते आणलंय. पहिल्यांदा तुमची सीडी लावली, भाऊ. बेइमानी केली नाही. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. पहिलं कडवं संपलं, कोरा दीड सेकंद गेला आणि दुसरं सुरू झालं. त्यांनी हात वर केला. "थांब. इथी काहीतरी गेलं."

मी प्लेयर थांबवला. माझी सीडी लावली. पेटी थांबली. सुर्रर्र. बाईंनी डोळे मिटले, आणि हसायलाच लागल्या, दात नसलेल्या तोंडाने, पोट धरून. "हे! हे पायजे होतं! अरे बाप्पा, आठवा महिना होता मले. दमच पुरे ना. पेटीवाला म्हणे, बाई, तुम्ही दम घ्या, मी थांबतो. येवढा मोठा दम घेतला मी, मशीनवाला आतून वरडला, पन मंग म्हने राहू द्या." मग त्यांनी चुलीकडे हाक मारली. "ये वो, इकडं ये. हात राहू दे तसेच. हे आयक. तू हाय याच्यात."

लेक पिठाच्या हातांनी येऊन बसली. चाळिशीला आलेली बाई, दोन मुलांची आई. मी तो दीड सेकंद तिला तीनदा लावून दाखवला. ती आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसली, आणि चुलीवरची भाकरी जळली तरी कोणी उठलं नाही.

जिंकलो की नाही मी? रस्ताभर मोटरसायकलवर ओरडत आलो, जिंकलो म्हणून. मूलच्या फाट्यावर गाडी थांबवून चहा मागितला, आणि सवयीने दोन मागितले, आणि मग तिथेच बाकावर बसून रडलो. सुई उडून उडून तिथे आपटली असेल, पण तिने तो श्वास खाल्ला नव्हता, भाऊ. तीस वर्षं तुम्ही गावोगाव तो भोंग्यावरून ऐकवत होतात, एका बाईचा आणि तिच्या पोटातल्या लेकीचा, आणि स्वतःला दोष देत राहिलात. गुरुवारी मी फोनवर "काढलं" म्हणालो तेव्हा तुम्ही खूश झालात, ते मी कसं विसरू? म्हणून हे सगळं लिहिलं, की कुठूनतरी तुमच्यापर्यंत जावं. हमीदभाऊ, ती तुमची गलती नव्हती.